आईचं गाव चालेल असा लॅपटॉप

१४ मार्च
मूशॉएन

प्रिय इंगुन,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितो आहे. इथे टपाल आता एक दिवसाआड असतं, तेव्हा हे बर्गनला पोचायला पुढचा आठवडा उजाडेल. घाईचं काही नाही.

आईचा लॅपटॉप बंद पडला. खरं तर मीच बंद पाडला.

नववर्षाला आम्ही डोंगरातल्या केबिनवर होतो आणि तिथून तिला स्नोस्कूटरवर निजवून खाली आणावं लागलं, हे तुला माहीत आहे. तिच्या वस्तू तिथेच राहिल्या होत्या. परवा मी स्कीवर जाऊन त्या आणल्या. घसरगाडीवर सगळं बांधलं. अर्धवट विणलेला हातमोजा, चष्मा, औषधांची पिशवी आणि लॅपटॉप. बाहेर उणे अठरा होतं आणि केबिनच्या आतही फार वेगळं नव्हतं. घरी आलो, स्टोव्ह पेटवला, लॅपटॉप शेजारच्या टेबलावर ठेवला आणि कोट काढायच्या आधी चालू केला. पडद्यावर दव धरलं होतं. आतही धरलं असणार. चट् असा बारीक आवाज झाला आणि करपल्याचा वास आला.

नगरपालिकेच्या पाणीखात्यात मी जन्म घालवला. थंड नळ गरम खोलीत आला की त्याला घाम का सुटतो, हे घरोघरी जाऊन समजावलं. इथल्या शाळेतल्या पोरांनाही कळतं की बाहेरून आणलेली वस्तू आधी खोलीत मुरू द्यायची असते. मला तेवढा वेळ थांबता आलं नाही.

नवीन घ्यावा म्हणतो. स्कीच्या शर्यती बघायला, एखादा चित्रपट, जमलाच तर थोडा खेळ. तुला यातलं कळतं. काय बघून घ्यावं?

बाकी ठीक. छतावरचा बर्फ शेजारच्या ओड्वारनं उतरवला.

बाबा


२९ मार्च

प्रिय इंगुन,

तुझा मेसेज मिळाला. 'गाव आईच्या मशीनवर होतं. ते गेलं का?' एवढाच होता, पण मिळाला.

नाही, गेलं नसावं. चौकातल्या दुकानात जुना लॅपटॉप नेला होता. तिथल्या एय्विननं तो उघडून डिस्क बाहेर काढली. बाकी सगळं जळलं, डिस्क बहुधा शाबूत आहे म्हणाला.

तुमच्या गावाबद्दल मला फारच थोडं माहीत होतं. दर रविवारी संध्याकाळी आई शिवणाच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची, कानाला हेडफोन लावायची, आणि मग तू आलेली असायचीस. तुम्ही दोघींनी त्या कॉम्प्युटरवरच्या खेळात घरं बांधली होती, मेंढ्या पाळल्या होत्या, एवढं ती जेवताना सांगायची. पण ते गाव तिच्या मशीनमध्ये राहतं, आणि आधी तिनं आत जाऊन दार उघडल्याशिवाय तुला येताच येत नाही, हे मला एय्विननं सांगितलं.

त्यानं मला दोन लॅपटॉप दाखवले. आमचं बोलणं असं झालं.

"कुणासाठी बघताय काका? नातवंड?"

"माझ्यासाठी."

"पत्ते खेळायला ना? मग हा घ्या. पातळ, हलका. याला पंखाच नाही. चित्रपट लावला तर तुमचं घोरणं तेवढं ऐकू येईल."

"माझ्या बायकोचं एक गाव आहे. ते चालायला हवं."

त्यानं हातातला लॅपटॉप मिटला. त्याला तुझी आई आठवत होती. ती हेडफोन त्याच्याकडूनच घ्यायची. मग म्हणाला, "गाव मोठं आहे?"

"मी कधी गेलो नाही."

"किती वर्षं खेळत होत्या?"

"चारेक."

"मग मोठं असणार. असली गावं वाढतच जातात. याच्यात ते उघडेल, पण दोन पावलं टाकलीत की अडकेल. तुम्हाला स्वतंत्र ग्राफिक्स कार्डवाला लागेल. तो बघा, तिकडचा."

तिकडचा म्हणजे विटेसारखा जाड. त्याचा चार्जरच आईच्या जुन्या लॅपटॉपच्या वजनाचा. दोन पंखे आहेत आणि ते सुरू झाले की स्वयंपाकघरातल्या धूर ओढणाऱ्या पंख्यासारखा आवाज येतो. त्यानं चालू करून दाखवला तेव्हा दुकानातल्या बाईंनी वळून पाहिलं.

आईनं तुमच्या रविवारच्या काही चित्रफितीही करून ठेवल्या आहेत, त्या डिस्कवर सापडल्या. चित्रफितींसाठी शांत मशीन बरं, कारण तुमचे आवाज नीट ऐकू यायला हवेत. गावासाठी दुसरं. एकच घ्यायचं तर कुठलं घेऊ?

बाबा


१९ एप्रिल, ईस्टरचा शनिवार

प्रिय इंगुन,

'पंखेवालाच. सोळा जीबीपेक्षा कमी नको. हेडफोन लावा म्हणजे पंखा ऐकू येणार नाही.'

तुझा हा मेसेज मी ओड्वारला वाचून दाखवला. तो म्हणाला, "पोरगी बोलली की तुझ्याशी." मी म्हटलं, लॅपटॉपबद्दल बोलली. तो म्हणाला, "आमचा थोरला तर माझ्याशी हवामानाबद्दलही बोलत नाही. तू नशीबवान आहेस."

दुकानं ईस्टरसाठी बंद आहेत. मंगळवारी उघडली की बघतो.

या वर्षी केबिनवर गेलो नाही. दरवर्षी तिथे नेतो तशी संत्री घेऊन ठेवली होती, ती इथे पायरीवर उन्हात बसून खाल्ली. दरीत अजून बर्फ आहे, पण नदीनं मधून वाट केली आहे.

काल ओड्वारच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक चित्रफीत लावून पाहिली. ती चालली असं म्हणवत नाही. आवाज पुढे जायचा आणि चित्र मागे राहायचं, मग चित्र एकदम उडी मारून पुढे यायचं. तरी थोडं कळलं. तू म्हणत होतीस, "आई, मेंढ्या परत नदीत."

"असू देत. शनिवारी अंघोळ राहिली होती त्यांची."

"कुंपण कुठाय? तू म्हणालीस लावते."

"कुंपण लावायला मी एक मुलगी ठेवली आहे. बर्गनहून येते. फार कुरकुर करते."

"पगार वाढवा मग."

"वाढवते. आज एक मेंढी जास्त घे."

पुढे आई हसायला लागली आणि तिथेच सगळं अडकलं. तिचं हसणं एकाच जागी घरघरत राहिलं. ओड्वारनं उठून बटण दाबलं आणि म्हणाला, "याला बिचाऱ्याला झेपत नाही. दोष त्याचा नाही."

तिला तसं हसताना मी घरात क्वचित ऐकलं. दाराच्या पलीकडून ऐकू यायचं, पण मला वाटायचं की खेळात काहीतरी गमतीचं झालं असेल.

चित्रफिती अडकू नयेत म्हणून मशीनमध्ये वेगळं काही लागतं का? आणि पडदा कसा घ्यावा?

बाबा


३ मे

प्रिय इंगुन,

पडद्याचं तू लिहिलंस ते समजलं. चकचकीत नको, खिडकीचा उजेड त्यावर येतो. चित्रफितींसाठी नवा प्रोसेसर, कारण आईनं त्या नव्या पद्धतीनं साठवल्या आहेत आणि जुन्या मशीनला त्या उलगडता येत नाहीत. हे तू इतकं सोपं करून सांगितलंस की मी एय्विनला सांगितलं आणि तो म्हणाला, मुलीला इथे पाठवा, मला सुट्टी मिळेल.

आता कळफलकाचं विचारायचं होतं. काहींच्या कळांखाली रंगीत दिवे असतात. त्यांचा काही उपयोग आहे की ती नुसती सजावट? आणि वजनाचं काय? मी तो कुठे नेणार नाही, तरी अडीच किलो जास्त वाटतं.

बागेत आईचे बटाटे लावायची वेळ झाली आहे. मी लावीन.

बाबा


१८ मे

प्रिय इंगुन,

काल सतरा मेचा राष्ट्रीय दिन होता. सकाळी झेंडा लावला, मिरवणूक बघायला पुलापर्यंत गेलो. शाळेच्या बँडमध्ये ओड्वारची नात तुतारी वाजवते. वाजवते म्हणजे धरते. लोकांनी आईबद्दल विचारलं नाही, हात मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरले. घरी आल्यावर वॅफल केले, ते जास्त झाले.

तुझे दोन मेसेज आले. पहिला दिव्यांबद्दल, 'नुसती सजावट.' दुसरा, 'फाईल कॉपी करून पाठवता येईल का? मग मला तिकडून काही नको.'

फाईलचं मला नीट कळत नाही, इंगुन. आधी मशीन येऊ दे, मग बघू. एय्विन म्हणतो, नवीन माल जूनमध्ये येईल आणि थांबलेलं बरं.

आईच्या अंत्यविधीला चर्चच्या दाराशी तू विचारलंस, 'मला का सांगितलं नाहीत?', त्याचं उत्तर तेव्हा दिलं नाही. लोक उभे होते. तू कॉफीलाही थांबली नाहीस. ते इथे लिहितो.

तिला आजाराचं ऑगस्टमध्येच कळलं होतं. रुग्णालयातून परत येताना गाडीत म्हणाली, "इंगुनला सांगायचं नाही." मी म्हटलं, तिला कळायला हवं. ती म्हणाली, "कळलं की ती आजारी माणसाशी बोलल्यासारखं बोलायला लागेल. मला रविवारची ती तशीच हवी आहे. कुरकुर करणारी." मी पुन्हा विषय काढला, नाताळच्या आधी. तेव्हा ती रागावली. आमच्या लग्नात ती माझ्यावर फारशी कधी रागावली नाही. मी गप्प बसलो. नंतर सगळं इतक्या लवकर झालं की मी तुला फोन केला तेव्हा विमान पकडूनही तू वेळेत पोचणार नव्हतीस.

मी बरोबर केलं का, हे मला आजही माहीत नाही. मी तिचं ऐकलं, एवढंच मला सांगता येतं.

पडदा पंधरा इंचाचा घेऊ की सतरा?

बाबा


८ जून

प्रिय इंगुन,

'बाबा, कुठलाही घ्या.' हा तुझा मेसेज मिळाला. तू थकलीस हे त्यातून कळलं. पत्राला उत्तर यायचं थांबणार, हेही कळलं.

लॅपटॉप मी ईस्टरनंतरच्या मंगळवारीच घेतला. तू सांगितलास तोच, पंखेवाला. दिव्यांबद्दल विचारलं तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता आणि त्याचे दिवे निळे आहेत हे मला दिसत होतं. पडद्याच्या इंचांचं विचारलं तेव्हा मी त्याच्याच समोर बसून लिहीत होतो. जूनमध्ये नवीन माल येणार आहे असं एय्विन कधीच म्हणाला नाही.

आणि फाईलचं मला कळतं. पहिल्या दिवशी दुकानात तो म्हणालाच होता, "काका, मुलगी खेळते ना? मग तिला फाईल पाठवून द्या की. तिच्याकडे मशीन असेलच. तुम्हाला एवढा महागडा डबा कशाला हवा?" मी तुला त्या दिवसाचं सगळं बोलणं लिहिलं, हे तेवढं गाळलं. मी त्याला म्हणालो होतो, मलाही बघायचं आहे. तो म्हणाला, बघा मग, बघण्यासारखं असेल.

माझा बेत असा होता. गाव माझ्या मशीनवर राहील. मी त्यात चालायला शिकेन, रविवारी आत जाऊन दार उघडीन, आणि तुला यायचं असेल तर इथूनच यावं लागेल. बोलली नाहीस तरी चालेल. तू कुंपण लावत असशील आणि मी जवळपास कुठेतरी असेन. यात तुझं नुकसान काय, असं मी स्वतःला विचारायचो.

चालायला शिकायला मे महिना गेला. ओड्वार शेजारी बसून सूचना द्यायचा, त्यालाही काही येत नाही. "डावीकडे वळ. अरे डावीकडे. ती भिंत आहे टोर्गेर, भिंत." मी नदीत पडलो. मेंढ्या मला ढकलून पुढे गेल्या. ओड्वार म्हणाला, "त्यांनी ओळखलं, हा पाणीखात्याचा आहे." पण लॅपटॉप कुठे अडकला नाही. नदीचं पाणी वाहतं, त्यात ढग दिसतात. पाण्याचा रंग खोलीप्रमाणे बदलतो, हे ज्यानं केलं त्याला पाणी कळतं.

आईचं घर मी बाहेरून पाहिलं. आत गेलो नाही, दार कसं उघडायचं ते येत असूनही. तुझ्या घरापर्यंत तिनं वाट केली आहे. सरळ काढली असती तर जवळ पडली असती, पण ती टेकडीला वळसा घालून गेली आहे आणि बाजूनं लाल फळांची रोवानची झाडं लावली आहेत. त्या वाटेवर मी खूपदा ये-जा केली. कुणी नसतं. मेंढ्या असतात.

चित्रफिती आता अडकत नाहीत. एकेक करून सगळ्या पाहिल्या. त्यातली ऑक्टोबरातली एक तुला सांगायला हवी. तुलाही ती दिसणारच आहे, पण तू ती पाहशील तेव्हा तुला हे माहीत असावं.

तुम्ही दोघी धक्क्यावर होता. खेळातली आईची बाई एकाएकी जागीच उभी राहिली, नदीकडे तोंड करून. तू विचारलंस, "आई?" मग, "आई, गेलीस कुठे?" मग तू स्वतःशीच म्हणालीस, "कॉफी आणायला गेली वाटतं. बरं." आणि तू कुंपणाच्या फळ्या ठोकायला घेतल्यास. मधेमधे तू तिच्याभोवती एक चक्कर मारायचीस. एकदा तिच्या डोक्यावर टोपी घातलीस. ती तशीच उभी. बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला.

"आले. तुझ्या बाबांनी कॉफी इतकी कडक केली की चमचा उभा राहील."

"त्यांना काही येतं का पण?"

"काही म्हणता काही येत नाही. ही टोपी कुणी घातली मला?"

"थंडी वाजत होती तुला. हलत नव्हतीस."

"छान आहे. राहू दे."

मी कॉफी केली नव्हती. मी न्हाणीघरात तिच्यासमोर भांडं धरून उभा होतो. तिला सकाळपासून काही पोटात राहत नव्हतं. मी म्हटलं, आज पुरे, इंगुनला सांग डोकं दुखतं आहे. तिनं तोंड धुतलं, आरशात पाहून केस नीट केले, जसं काही तू तिला बघणार होतीस, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी बाहेर उभा राहिलो. हसण्याचा आवाज आला. मला ते तेव्हा आवडलं नव्हतं. मला वाटलं, दिवसभर मी इथे आहे, आणि हसणं मात्र तिकडे.

आता तुम्ही दोघी काय बोलत होता ते मला कळलं, आणि त्यात मीही होतो.

ती चित्रफीत पाहिल्यावर मी लॅपटॉप बंद केला आणि बागेत काम करत राहिलो. माझ्या लक्षात एक गोष्ट आली, ती लिहितो. तेव्हा तुला न सांगणं हे तिचं होतं. त्याचा राग तू माझ्यावर काढलास तरी मला उभं राहायला जागा होती, मी तिचा शब्द पाळत होतो. फाईल न देणं हे मात्र माझं एकट्याचं आहे. तिनं असं काही सांगितलं नव्हतं. तुझ्या आईचं काहीतरी मी दुसऱ्यांदा तुझ्यापासून अडवून धरलं आहे आणि या वेळी माझ्याकडे कुणाचा शब्द नाही.

म्हणून या पत्राबरोबर डिस्क पाठवतो आहे. गाव आणि सगळ्या चित्रफिती तिच्यावर आहेत. एय्विनकडून तपासून घेतली. लोकरीत गुंडाळून डब्यात घातली आहे. डबा टपालात गार पडणार नाही, जून आहे, तरी आल्यावर थोडा वेळ खोलीत राहू दे. तुला गाव नीट उघडलं की तेवढं कळव. मग मी माझ्याकडची प्रत पुसून टाकीन. दोन गावं नकोत. एकात मेंढ्या वाढतील आणि दुसऱ्यात नदीत पडणारा माणूस फिरत राहील, ते बरं नाही.

लॅपटॉपवर स्कीच्या शर्यती चांगल्या दिसतात, पण त्या आता नोव्हेंबरपर्यंत नाहीत.

एय्विननं समजावून सांगितलं त्याप्रमाणे, यापुढे गाव तुझ्या मशीनवर राहील आणि दार तुझ्याच बाजूनं उघडेल. इथून मला काही करता येणार नाही, आधी तुला आत असावं लागेल. त्यासाठी मी काही मागत नाही. तू मेसेज केले नाहीस तरी मी पत्र लिहीन, त्यात लॅपटॉपबद्दल काही नसेल.

रविवारी संध्याकाळी मी बहुधा घरीच असतो.

बाबा